तार पंचायतीपर्यंत आली, पुढे काय?

(नागपूर येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



झिरो माईलच्या दगडापासून देशभरची अंतरं मोजायचे, असं आपण नागपूरकर लहानपणापासून ऐकत आलोय. आज मी वेगळं अंतर मोजणार आहे. या शहरात नेटचं कनेक्शन घ्या म्हणून कंपन्यांची पोरं दारात येतात. इथून दीड तासावर माझ्या खालाचं गाव आहे. तिथं दारात कुणी येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खालाची मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली. स्कॉलरशिपचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. घरात स्मार्टफोन एकच, तोही भावाकडे. भाऊ दिवसभर कामावर. रात्री फोन हाती आला की रेंज नाही. तालुक्याच्या कॅफेत एकटीनं जायला घरातून परवानगी नाही. शेवटी खालू मजुरी बुडवून तिला घेऊन गेले, तर त्या दिवशी तिथंही लिंक नव्हती. दुसऱ्या दिवशी मुदत संपलेली.

नंतर जे कळलं ते मला जास्त लागलं. त्याच गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फायबरची पेटी लावलेली होती. तार तिथवर आली होती, पण पेटीचा दिवा बंद. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "लावली तेव्हापासून अशीच आहे."

मी कुणा एकाला दोष द्यायला उभा नाही. पण गावोगावी अशी तार कुणाच्या पैशानं येते, हे आपल्याला माहीत पाहिजे.

जिथं कंपन्यांना धंदा परवडत नाही, तिथंही सेवा पोचावी म्हणून केंद्र सरकारनं 2002 मध्ये एक निधी सुरू केला. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिलं. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातला 5 टक्के हिस्सा या निधीसाठी घेतला जातो. आणि कंपनीचा महसूल म्हणजे काय? तुमचा-माझा रिचार्ज. म्हणजे माझी खाला रिचार्ज मारते, तेव्हा तीही या निधीत भर घालते.

याच निधीच्या बळावर 2011 मध्ये एक योजना मंजूर झाली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायच्या, तेही दोन वर्षांत. 2015 मध्ये तिचं नाव 'भारतनेट' झालं. मुदत वाढत गेली, आणि 2023 मध्ये नव्या आराखड्यासाठी सुमारे 1.39 लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले.

काही जण म्हणतात, सरकारला जमत नाही तर कंपन्यांकडे सोपवा. तोही प्रयोग झालाय. 2021 मध्ये 16 राज्यांत भारतनेटचं काम खासगी भागीदारीतून करायचं ठरलं. केंद्र त्यात 19,041 कोटी रुपये घालायला तयार होतं. तरी कंपन्या पुढे आल्या नाहीत आणि निविदा गुंडाळावी लागली. यात कंपन्यांनी काही पाप केलं नाही. त्यांनी हिशेब केला. पाचशे घरांच्या गावात तार ओढायची, खांब सांभाळायचे, माणूस ठेवायचा, आणि महिन्याला हाती काय येणार? त्यांच्या हिशेबात गाव बसत नाही. प्रश्न इतकाच आहे, की आपल्याही हिशेबात ते बसवायचं नाही का?

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. मेळघाटातलं हरिसाल. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ते 'डिजिटल गाव' केलं, जाहिरातीत झळकलं. 2019 च्या निवडणुकीत तिथल्या सुविधा बंद पडल्याचे आरोप भर सभांमधून झाले, सरकारनं ते खोडून काढले. कोण खरं, हा वाद बाजूला ठेवा. नमुन्याचं एक गाव उभं करणं सोपं असतं. पाहुणे परतल्यावर ते रोज चालू ठेवण्याची जबाबदारी कुणावर, हे कागदावर असावं लागतं.

मोबाइल कंपन्यांनी डेटा स्वस्त केला, हे मी नाकारत नाही. त्यामुळे खेड्यात फोन पोचला. पण भावाच्या खिशातला फोन म्हणजे बहिणीचं इंटरनेट नव्हे. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला नेट लागतं, दाखला काढायला लागतं, शाळेला लागतं. जी गोष्ट नसेल तर धान्यही अडतं, ती चैन कशी म्हणायची?

कोर्टानंही हे ओळखलंय. 2019 मध्ये केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीनं होस्टेलच्या मोबाइलबंदीविरुद्ध दाद मागितली. केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. आपल्याच वयाची, आपल्यातलीच मुलगी, पण हक्क तिनं सगळ्यांसाठी मिळवला. त्याच केरळनं 2023 मध्ये 'के-फोन' हे सरकारी फायबरचं जाळं सुरू केलं. गरीब कुटुंबांना फुकट कनेक्शन, हे त्याचं जाहीर उद्दिष्ट आहे. सगळं तिथं सुरळीत आहे असं नाही, पण ही आपली जबाबदारी आहे, एवढं त्या सरकारनं मान्य केलं.

आता आपलं काम. खालाच्या गावात मुसलमानांची घरं बोटावर मोजण्याइतकी. पण बंद पेटी सगळ्या गावाची आहे. नेट जात-धर्म बघत नाही, खिसा बघतं. म्हणून हा प्रश्न बौद्ध, आदिवासी, कुणबी शेजाऱ्यांना सोबत घेऊन मांडायचा.

पुढच्या ग्रामसभेत तुमच्या गावी जा आणि तीन प्रश्न विचारा. पेटी चालू आहे का? तिचं वीजबिल आणि दुरुस्ती कुणाकडे? तार शाळेत, अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात कधी जाणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी 10 रुपये आहे.

खालाच्या मुलीचं ते वर्ष परत येणार नाही. तिनं पुढच्या वर्षी माझ्या घरी येऊन फॉर्म भरला. पण प्रत्येक मुलीचा मामेभाऊ-मावसभाऊ नागपुरात नसतो. तिच्या गावची पेटी तरी चालू असली पाहिजे.