रेकॉर्ड कुठून घ्यावी : दुकानातून की ऑनलाइन?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताने सभासदांनी आपापल्या छंदाविषयी बोलावं, असं कमिटीने ठरवलं. माझा छंद जुन्या रेकॉर्डींचा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत आपल्याकडच्या काही मुलामुलींनी टर्नटेबल घेतलं आहे. लिफ्टमध्ये भेटली की विचारतात, "काका, रेकॉर्ड ऑनलाइन मागवू की दुकानात जाऊ?" आणि त्यांच्याच घरची मोठी माणसं विचारतात, "माळ्यावर बाबांच्या रेकॉर्डी पडल्यात, भंगारवाल्याला देऊन टाकू का?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. कसे, ते सांगतो.

आधी एक गंमत. परगावाहून रेकॉर्ड मागवणं हे काही आजचं खूळ नाही, बरं का! १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकडी छापायची सोय आपल्याकडे नव्हती. मूळ मुद्रण बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं आणि तयार तबकड्या परत बोटीने यायच्या. तिकडच्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळावं, म्हणून गायिका शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगायची. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला, १९२८ मध्ये डमडमचा आला. आपल्या मुंबईतही वडाळ्याला 'यंग इंडिया'च्या रेकॉर्डी तयार होत. तेव्हा पार्सलाला नावं ठेवायला मी उभा नाही. पार्सलाने आलेल्या तबकड्यांनीच आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात झाली.

ऑनलाइनचा फायदा सरळ आहे. तुम्हाला नेमकं काय हवं ते ठाऊक असेल, तर त्याच्याइतकी सोय कुठे नाही. नवी छापलेली रेकॉर्ड असेल, तर बिनधास्त मागवा. खराब निघाली तर बदलून मिळते की नाही, एवढं आधी वाचून घ्या. शिवाय 'डिस्कॉग्ज'सारख्या संकेतस्थळावर एखादी रेकॉर्ड आजवर किती किमतीला विकली गेली, तेही दिसतं. लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला नंबर असतो. त्यावरून ती मूळ छपाई आहे की नंतरची, हे ओळखता येतं. पूर्वी ही माहिती मोजक्या जाणकारांकडे असायची. आज ती कॉलेजच्या मुलालाही मिळते, हे चांगलंच झालं.

अडचण येते ती जुन्या, वापरलेल्या रेकॉर्डींच्या बाबतीत. विकणारा तिला एक दर्जा देतो. सगळ्यात वर 'मिंट', मग 'निअर मिंट', मग 'व्हेरी गुड प्लस', मग 'व्हेरी गुड', मग नुसतं 'गुड'. आपण भोळी माणसं 'गुड' वाचून खूश होतो. या धंद्यात 'गुड' म्हणजे लग्नाच्या स्थळात 'मुलगा तसा बरा आहे' म्हणतात, त्यातला प्रकार! सुई अडकणार नाही, एवढीच हमी. खरखर मात्र भरपूर. 'व्हेरी गुड'मध्येसुद्धा खरखर ऐकू येते. आणि फोटोत चकाकणारी रेकॉर्ड कानाला कशी लागेल, ते फोटो सांगत नाही.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. जुनी ७८ची तबकडी लाखेची असते. हातातून पडली की काचेसारखी फुटते. ती पार्सलाने मागवणं म्हणजे जुगार. एल.पी. फुटत नाही, पण उष्णतेने वाकते. मे महिन्यात वॉचमनच्या केबिनबाहेर दुपारभर उन्हात पडलेलं पार्सल संध्याकाळी उघडलं, तर आत पापड निघू शकतो. मागवायचीच असेल, तर विकणाऱ्याला सांगा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठव. नाहीतर प्रवासात तिच्या कडेने कव्हरची शिवण फाटते.

आता दुकान. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये आवडलेलं गाणं ऐकून बघायला छोट्या केबिन होत्या, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. पण चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आजही रेकॉर्डींचे गठ्ठे चाळता येतात. पुण्याला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे रेकॉर्ड हातात घेऊन पाहता येते. तिरप्या उजेडात धरा, ओरखडे दिसतील. नखाला लागेल असा ओरखडा असेल, तर तो कानालाही लागणार. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, वाक कळेल. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघा असतील, तर ती पुष्कळ वाजलेली आहे. ७८ची तबकडी काळी न दिसता राखाडी दिसली, तर लोखंडी पिनेने तिचं गाणं खाल्लं आहे असं समजा. आणि शेवटी विक्रेत्याला म्हणा, "जरा लावून दाखवा." ज्याच्याकडे मशीन आहे, तो लावतो.

दुकानाचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. ऑनलाइन तुम्हाला तीच रेकॉर्ड मिळते, जिचं नाव तुम्हाला ठाऊक असतं. दुकानात जिचं नाव ठाऊक नाही, तीही मिळते. त्यातून आपल्या मराठी रेकॉर्डींचा तर आणखी घोळ. विकणारा परदेशी किंवा परप्रांतीय असला, तर त्याला लेबलवरचं मराठी वाचता येत नाही. मग नाट्यगीत 'भजन' म्हणून नोंदलं जातं आणि भावगीत 'फिल्मी' म्हणून. गायकाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार प्रकारची. तुम्ही शोधून शोधून दमता आणि रेकॉर्ड दुसऱ्याच नावाखाली बसलेली असते. जुना दुकानदार मात्र म्हणतो, "केसरबाई आवडतात ना? मग मोगूबाई ऐकून बघा." कारण त्याला माहीत असतं की दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांचं गाणं आहे, हेही असा माणूस बोलता बोलता सांगून जातो.

म्हणजे हिशेब असा. नाव ठाऊक आहे आणि माल नवा आहे, तर ऑनलाइन. माल जुना आहे, तर हातात घेऊन, ऐकून. आणि काय घ्यावं हेच कळत नसेल, तर दुकानच. दुकानदार चार पैसे जास्त सांगेल. पण ऐकून बघण्याचे, चाळण्याचे आणि त्याच्या जाणकारीचे पैसे त्यातच आले. आणि कृपा करून दुकानात तासभर ऐकून, तिथेच मोबाईल काढून ऑनलाइन ऑर्डर करू नका. असं केलंत, तर पुढच्या वेळी ऐकायला दुकानच राहणार नाही.

आता माळ्याचा प्रश्न. दुकानात जुनी रेकॉर्ड येते कुठून? कारखान्यातून नाही. ती येते तुमच्या-आमच्या माळ्यावरून. आपण पेटी भंगारात दिली, की एल.पी. प्लॅस्टिकच्या भावाने किलोवर जाते आणि लाखेच्या तबकडीला तर कोणी विचारतही नाही. मग तुमचा नातू तेच गाणं शोधत बसतो आणि ते ना दुकानात सापडतं, ना ऑनलाइन. मराठीतल्या कितीतरी तबकड्या पुन्हा कधी छापल्याच गेल्या नाहीत. घरातली प्रत गेली, तर कदाचित ते गाणंच गेलं.

म्हणून पेटी खाली उतरवा. रेकॉर्डी एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. बुरशी असेल, तर मऊ कापडाने पुसा. पण लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ७८ची तबकडी एल.पी.च्या सुईवर वाजवू नका, तिची सुई जाड असते, ती वेगळी मिळते. आणि ठेवायच्याच नसतील, तर यादी करा, किमतींचा अंदाज घ्या आणि जाणत्या दुकानदाराला किंवा संग्राहकाला द्या. 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० पासून मुंबईत हेच काम करत आली आहे.

सेक्रेटरीसाहेबांची परवानगी घेतली आहे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मी माझं मशीन आणि दोन्ही प्रकारच्या सुया घेऊन याच सभागृहात बसेन. ज्यांच्या माळ्यावर पेट्या आहेत, त्यांनी त्या आणाव्यात. ज्या मुलांनी टर्नटेबल घेतलं आहे, त्यांनी रिकाम्या हाताने यावं. ऐकू, यादी करू, कोणाला काय हवं ते बघू. आपल्याच सोसायटीत एका विंगमधली रेकॉर्ड दुसऱ्या विंगमध्ये गेली, तर डिलिव्हरीचा खर्चही नाही!