मधला माणूस

2024 च्या उन्हाळ्यात आमचं पेठ बीडमधलं जुनं घर विकायचं ठरलं. अब्बा जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही कधीचेच जालना रोडकडे राहायला आलो होतो. धाकटा भाऊ पुण्यात, मोठी आपा अंबाजोगाईला, धाकटी बहीण परभणीला. घराला कुलूप होतं, आणि बंद घर माणसापेक्षा लवकर म्हातारं होतं. माळवद गळायला लागलं होतं.

विकायचं हे आठ दिवसांत ठरलं. कुणाच्या मार्फत विकायचं, यात मात्र चार महिने गेले. आज त्या चार महिन्यांविषयीच बोलायचं आहे.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. अशांना आपल्याकडे तोंडावर एजंट म्हणतात आणि पाठीमागे दलाल. दलाल हा शब्द मूळ अरबी. वाट दाखवणारा, असा त्याचा अर्थ. आपण त्याची शिवी करून टाकली. खरं तर आपला जिल्हाच मधल्या माणसांच्या हातावर चालतो. ऊसतोडीला जाणारा मजूर कारखान्याला ओळखत नाही, तो मुकादमाला ओळखतो, कारण उचल मुकादम देतो. मोंढ्यात कापूस, तूर घेऊन गेलं की आडत्या असतो. नेकनूरच्या बाजारात बैल घेताना उपरण्याखाली बोटं धरून भाव करणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तोंडानं कुणी आकडा उच्चारत नसे. दोन शेतकऱ्यांना एकमेकांच्या तोंडावर "एवढेच देतो" आणि "एवढ्याला नाही देत" हे म्हणणं जड जायचं. ते जडपण उपरण्याखाली झाकलं जायचं.

आलेले गृहस्थ हुशार होते. चहा पिता पिता म्हणाले, "सर, तुम्ही कवी माणूस. तुमच्या तोंडून भाव निघायचा नाही. ते काम माझ्यावर सोडा." मला हे खरं वाटलं, म्हणून थोडा रागही आला.

त्यांनी घराचा भाव सांगितला 32 लाख. रेल्वे आष्टीपर्यंत आलीच आहे, बीडला पोचली की बघा म्हणाले. दलाली दोन टक्के, म्हणजे 64 हजार. त्यात मला काही गैर वाटलं नाही. उन्हातान्हात गिऱ्हाईक फिरवायचं तर पैसे लागणारच. मग ते हळूहळू पुढचं बोलले. माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे तुम्हाला हेलपाटे नकोत. खरेदीखत 18 लाखांचं करू, उरलेले वरचे, रोख. गिऱ्हाईक आपल्यातलंच हवं की कुणीही चालेल, तेही सांगून ठेवा. आणि बहिणींकडून आधीच हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे सही करणारी माणसं कमी.

"आपल्यातलंच हवं का" हा प्रश्न त्यांनी अगदी सोयीचा म्हणून विचारला होता. पण एका मोठ्या शहरात मुलासाठी भाड्याची खोली बघताना फोनवर माझं नाव ऐकून समोरचा दलाल एकदम गप्प झालेला मी अनुभवला आहे. चाळणी कुणाच्या हातात असते, हे मला माहीत होतं. आज ती माझ्या हातात दिली जात होती, इतकंच.

रात्री मी कागद घेऊन बसलो. आमच्या शरियतीच्या वाटणीनं अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाला दोन तर बहिणीला एक. म्हणजे घराचे अठ्ठेचाळीस भाग केले, तर सहा अम्मीचे, चौदा-चौदा आम्हा दोघा भावांचे आणि सात-सात दोघी बहिणींचे. आता एजंटच्या पद्धतीनं घर विकलं, तर त्याला तीन भाव होणार होते. गिऱ्हाइकाला एक, रजिस्ट्रीला एक, आणि बहिणींना सांगायला एक. बहिणी कागद मागणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मागितलाच तर त्यावर 18 लाख लिहिलेले दिसतील. हिंदू बांधवांकडे 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. आमच्याकडे तिचा हिस्सा चौदाशे वर्षांपासून ठरलेला आहे. तरी दोन्हीकडे बहीण शेवटी साडी नेसून येते, सही करते आणि जेवून जाते.

त्या रात्री ठरवलं, एजंट नको.

हे ठरवणं सोपं होतं. पुढं काय होतं, ते सांगतो. दारावर पाटी लावली, "घर विकणे आहे", खाली नंबर. दोन महिने नुसते प्रेक्षक आले. कुणी माळवद पाहून गेलं, कुणी भाव ऐकून शेजारच्या गल्लीतल्या आपल्या घराची किंमत ठरवून गेलं. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याच्या नाहीत, त्यांच्यातला फरक मला ओळखता येत नव्हता. एजंटला तो दारातून आत येणाऱ्या चपलेवरून कळतो. आणि आकडा सांगताना माझा आवाज खरंच उतरायचा. 32 म्हणायचं ठरवून जायचो आणि तोंडातून निघायचं, "तुम्हाला काय वाटतं?" अशा माणसानं एजंट करावा. यात कमीपणा काही नाही. माझा एक मित्र नोकरीनिमित्त परराज्यात असतो. त्यानं पुण्यातला फ्लॅट एजंटमार्फत विकला आणि ते शहाणपणाचंच होतं. लांब राहणारा माणूस गिऱ्हाइकाला किल्ली उघडून दाखवायला रोज येणार कुठून?

उलटही पाहिलं आहे. आमच्याच ओळखीच्या एकानं दलाली वाचवली आणि बाँडवर लिहून घर देऊन टाकलं. आपल्याकडे अजून ही समजूत आहे की स्टॅम्पच्या कागदावर लिहिलं, दोन साक्षीदार घेतले, की झाली खरेदी. (तो शंभराचा बाँड 2024 च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा झाला आहे, समजूत मात्र तेवढीच स्वस्त राहिली.) शंभर रुपयांवरच्या कुठल्याही घरा-जमिनीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हे 1882 आणि 1908 च्या कायद्यांत लिहिलेलं आहे. नुसत्या सौद्याच्या कागदानं मालकी बदलत नाही. त्या गृहस्थांनी निम्मे पैसे घेऊन ताबा दिला. राहिलेले निम्मे आले नाहीत आणि ताबाही परत मिळाला नाही. मुखत्यारपत्राचंही तसंच. नुसत्या त्यावर केलेल्या विक्रीनं मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आणि घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे. घेतली तर तेवढाच दंड. रेराचा कायदा आल्यावर एजंटांची नोंदणी सुरू झाली खरी, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या फ्लॅट-प्लॉटसाठी. पेठ बीडमधलं माळवदाचं घर विकणाऱ्या एजंटला ती लागू नाही. तिथं तो आणि त्याचा शब्द, एवढंच.

म्हणून मी दलाली वाचवली, पण वकिलाची फी वाचवली नाही. वकिलांनी नगर परिषदेचा पीटीआर मागवला, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढलं, त्यावर आम्हा पाचही वारसांची नावं लावून घेतली, मागच्या तीस वर्षांचा सर्च घेतला. अब्बांनी घर घेतलं त्याच्याही मागचा एक कागद ट्रंकेत निघाला. निजामाच्या राज्यातला बैनामा, उर्दूत. तरुण वकिलांना तो वाचता येईना. मी वाचून दाखवला. विकत घेणारा, विकणारा, आणि मग चतुःसीमा. मशरिक म्हणजे पूर्व, मग़रिब म्हणजे पश्चिम. लिहिताना मजा वाटली. वारस, हक्क, कब्जा, दस्त, हद्द, मालमत्ता. घर विकायला निघालो की मराठी आणि आमच्या घरातली बोली यांच्यात भिंतच उरत नाही.

त्या कागदात पश्चिमेला आमच्या शेजारच्या गुरुजींच्या आजोबांचं नाव होतं.

त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. केज तालुक्यातलं एक नोकरदार जोडपं घर बघून गेलं होतं. त्यांना घर आवडलं, 31 लाखांपर्यंत ते तयार झाले. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीवरची एक रेघ दाखवली. 1989 साली बिंदुसरेला पूर आला, तेव्हा पाणी कुठवर चढलं ते अब्बांनी खिळ्यानं कोरून ठेवलं होतं. कमरेच्या वर. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या बाई रेघेकडे बघत राहिल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही.

एजंटनं आधीच सांगितलं होतं, "तिथं रंगाचा एक हात मारून घ्या. पस्तीस वर्षं झाली, आता कशाला?" पण घरातला जो दोष घेणाऱ्याला सहज दिसणार नाही तो विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या 55 व्या कलमात आहे. खरं सांगतो, मला हे कलम तेव्हा माहीत नव्हतं. वकिलांनी नंतर सांगितलं. मी रेघ दाखवली, कारण ती अब्बांच्या हातची होती.

पुण्याहून भावाचा फोन आला. "भाईजान, घर विकताय की पुराचं प्रदर्शन भरवलंय?"

अम्मी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "पैले बाजूवालों कू पूछा क्या? हक उनका पैला है."

तिला शुफा म्हणायचं होतं. जागा विकताना लगतच्याला आधी विचारायचं, हा आमच्याकडचा जुना हक्क. नुसत्या शेजारपणावर सांगितलेला असा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्येच घटनाबाह्य ठरवला. अम्मीला ते कुणी कळवलं नव्हतं. आणि मी चार महिने साऱ्या गावाला विचारत होतो, भिंतीपलीकडे विचारलं नव्हतं. का, तर तिथं भाव सांगायची लाज सगळ्यात जास्त वाटत होती. पुरात ज्यांचं कुटुंब आमच्या माळवदावर बसलं होतं, त्यांना कसं म्हणायचं, 32 लाख द्या?

गेलो. गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत. मी बैनामा सोबत नेला होता. पश्चिमेची ओळ वाचून दाखवली. आजोबांचं नाव ऐकून त्यांनी कागद हातात घेतला. एक अक्षर कळत नसताना बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दारावरची पाटी रोज बघतोय मी. म्हटलं, हा विचारतो का नाही ते बघू."

त्यांच्या मुलाला जागा हवीच होती. मग बोलणी झाली आणि ती काही गोड नव्हती. गुरुजींनी 28 म्हटलं. मी 30 म्हटलं, आणि पहिल्यांदाच माझा आवाज उतरला नाही. तीन बैठका झाल्या. एकदा मी चहा न घेता उठून आलो, त्याचं अजून वाईट वाटतं. गुरुजी साडेअठ्ठावीसवर अडले, मी एकोणतीसवर. तेव्हा आपा अंबाजोगाईहून आलेली होती. सातवीपर्यंत शिकलेली माझी बहीण कागदावर काहीतरी मांडत होती. म्हणाली, "28 लाख 80 हजार करा. अठ्ठेचाळीसनं पुरा भाग जातो." गुरुजी जन्मभर गणित शिकवत आलेले. त्यांनी मनातल्या मनात भागून पाहिलं आणि मान हलवली.

एका भागाला साठ हजार. अम्मीचे तीन लाख साठ हजार, बहिणींचे प्रत्येकी चार लाख वीस हजार, आम्हा भावांचे आठ लाख चाळीस हजार. मुलानं बँकेचं कर्ज काढलं होतं, त्यामुळे सगळी रक्कम कागदावर. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पाचही जणांचे फोटो, पाचही जणांचे अंगठे आणि पाच वेगळे डीडी. धाकट्या बहिणीनं आपला डीडी दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. तिच्या नवऱ्यानं हात पुढं केला होता. तिनं तो पाहिलाच नाही असं केलं.

पण भावाचं काय? 31 लाखांचं गिऱ्हाईक मी घालवलं. त्याच्या चौदा भागांचे चौसष्ट हजार त्यात गेले. रेघ दाखवण्याआधी मी त्याला विचारलं नव्हतं. घर माझ्या एकट्याचं नव्हतं, तेव्हा खरं बोलण्याचा खर्च त्याच्या नावावर टाकण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? एजंट असता तर हा दोष तरी त्याच्यावर ढकलता आला असता. मधल्या माणसाचा हाही एक उपयोग असतो, हे मला उशिरा कळलं.

17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली. आमच्या दोन-तीन पिढ्यांनी जिची नुसती वाट पाहिली, ती गाडी. स्टेशनवर तोबा गर्दी होती. मीही गेलो होतो. त्या गोंगाटात फोन वाजला. भाऊ होता. "आली का गाडी?" त्यानं विचारलं.

"आली," मी म्हटलं.

"मग आता काय भाव चाललाय पेठेत?"

गाडीनं शिट्टी दिली आणि मला पुढचं ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही, असं मी त्याला नंतर सांगितलं.