गाण्याला न्याय, आवाजाला नव्हे



रिचर्ड आणि कॅरन कारपेंटर या अमेरिकन बहीणभावांची गाणी आपल्यापैकी कित्येकांनी ऐकली असतील. कॅरन १९८३ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी वारली. पुढे १९९४ साली नव्या पिढीच्या गायक-वादकांनी या जोडीची गाणी गाऊन एक गौरवसंग्रह काढला. त्यात त्या गाण्यांना न्याय मिळाला काय?

त्यातले ‘सुपरस्टार’ हे गाणे ‘सॉनिक यूथ’ने गायिले आहे. गिटारी खरखरतात, गाणारा जवळजवळ कुजबुजतो. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला ती थट्टाच वाटली. पण मग आठवले, की कारपेंटर्सनी १९७१ साली लोकप्रिय केलेले हे गाणे त्यांच्याआधी, १९६९ सालीच, डिलेनी आणि बॉनी यांनी ध्वनिमुद्रित केले होते. बीटल्सचे ‘टिकिट टू राइड’ तर या बहीणभावांनी पार संथ करून टाकले. त्यावर बीटल्सचे भक्त रागावले असते, तर आपण कुणाची बाजू घेतली असती?

‘सुपरस्टार’मधील स्त्री निघून गेलेल्या वादकाचे सूर रेडिओवर ऐकत झुरते आहे. त्या कुजबुजीत तिचे एकटेपण आहे. उलट, हुबेहूब नक्कल ऐकताना कॅरन नाही, एवढेच जाणवत राहते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की गाण्याला न्याय दुसरा कुणी देऊ शकतो, आवाजाला नाही. त्यासाठी जुनी तबकडीच लावावी लागते. नवे गाणे ऐकून ती लावावीशी वाटली, तर श्रद्धांजलीचे सार्थक झाले.