एका शर्यतीचा जमाखर्च

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी मंडळाच्या खजिनदारांनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



खजिनदार या नात्याने मी दरवर्षी तुमच्यासमोर उभा राहतो तो आरतीनंतर, वर्गणी राहिलेल्यांना आठवण करून द्यायला. त्यामुळे माझ्या हातात माइक आला की मागच्या दोन रांगा हळूच चपला शोधायला लागतात. आज तसं काही नाही, निवांत बसा. कार्यकारिणीने मला ‘साठीनंतरचा व्यायाम’ असा विषय दिला होता. पण चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला व्यायामातही जमाखर्चच दिसतो. तेव्हा मी शर्यतीच्या पैशांबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मी गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅन केली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच सायकलवर 90 किलोमीटर, आणि उतरलं की 21.1 किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांच्या आत. मला सात तास बावन्न मिनिटं लागली. शेवटचे पाच किलोमीटर मी पळालो असं घरी सांगतो. खरं म्हणजे चाललो.

परत आलो तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न ‘कसं वाटलं’ असा विचारला नाही. आपल्या बेळगावात तो विचारतच नाहीत. विचारलं, ‘किती खर्च आला?’ आणि मला खरा आकडा सांगायची लाज वाटली, म्हणून थोडा कमी करून सांगितला. खजिनदाराने आकडा कमी करून सांगितला! ते मला बोचत राहिलं, म्हणून आज सांगतो.

प्रवेश फी पाच आकडी. त्यावर कर. ही फी एकच नसते, टप्प्याटप्प्याने चढते. लवकर नाव नोंदवलं तर कमी, जागा भरत आल्या की जास्त. गुडघ्यांचं काय होतंय ते बघून ठरवू म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला वरचा टप्पाच मिळतो. मग सायकल. मी जुनी, ॲल्युमिनियमची घेतली, तरी तेवढ्या पैशांत माझ्या वडिलांनी टिळकवाडीत जागा घेतली होती, असं आमच्या आईने ऐकवलं. हेल्मेट, बूट, चष्मा, अंगाला चिकटणारा तो पोशाख. नोंदणी स्वतः जाऊन करायची आणि सायकल आदल्या दिवशी तिथे नेऊन ठेवायची, म्हणजे पणजीत दोन रात्री मुक्काम. मी चोर्ला घाटातून गाडीने गेलो, विमानाचा खर्च वाचला. वाटेत खायला परदेशी जेलच्या पुड्या घेतात. मी राजगिऱ्याच्या वड्या आणि कुंदा नेला. कुंदा नेऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचं काय होतं ते सांगत नाही.

आता हे एवढं महाग का? मी चौकशी केली, आणि ती गोष्ट मला शर्यतीपेक्षा रंजक वाटली.

हे सगळं सुरू झालं हवाईतल्या ओआहू बेटावर, 18 फेब्रुवारी 1978 ला. जॉन कॉलिन्स म्हणून अमेरिकेच्या आरमारातले एक अधिकारी आणि त्यांची पत्नी ज्यूडी. दमदार कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला, या वादातून बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या गेल्या. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. पहिला आला गॉर्डन हॅलर, अकरा तास सेहेचाळीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत. रस्ते बंद नव्हते, पाण्याचे टेबल नव्हते. प्रत्येकाने आपली मदतनीस मंडळी आपणच आणायची. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबरच्या लोकांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. बक्षीस काय, तर कॉलिन्सनी हाताने बनवलेली छोटीशी ट्रॉफी.

हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, बघा, तेव्हा कसं स्वस्त होतं! पण जरा थांबा. पाणी तेव्हाही कोणीतरी आणतच होतं, फक्त ते फीच्या पावतीवर नव्हतं. मिरामारला पाण्यात उतरल्यावर तीन-चारशे मीटरवर माझा श्वास अडकला. तळ दिसत नाही, लाट तोंडावर येते, पोहण्याच्या टाकीतली सगळी शिकवणी विसरायला होते. मी हात वर केला. कयाकवरचा एक पोरगा मिनिटभरात आला. कयाक धरून थांबायला परवानगी असते, पुढे सरकायचं नाही एवढंच. मी दोन मिनिटं धरून राहिलो, तो काहीतरी कोकणीत बोलत राहिला, आणि मी पुन्हा पोहायला लागलो. त्या दोन मिनिटांत मला फी मुळीच जास्त वाटली नाही. जीवरक्षक, रुग्णवाहिका, पायाला बांधायची वेळेची चिप, बंद रस्ते, चौकाचौकात माणसं, हे फुकट होत नाही. आपल्या विसर्जनाच्या रात्रीचा खर्च मी लिहितो, मला कळतं.

पण फीचा दुसरा भाग आहे, तो नावाचा. 1990 साली जेम्स गिल्स नावाच्या फ्लोरिडातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ही शर्यत व्हॅलरी सिल्क या बाईंकडून 30 लाख डॉलरना घेतली. 2008 ला ती एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. 2015 ला चीनच्या वांडा समूहाने 65 कोटी डॉलरना घेतली. आणि 2020 ला, जगात एकही शर्यत धड होत नव्हती त्या वर्षी, ती 73 कोटी डॉलरना पुन्हा विकली गेली. तीस वर्षांत 30 लाखांचे 73 कोटी! अंतर तेवढंच आहे हो. समुद्र तोच आहे. विकलं गेलं ते नाव. आणि मी कर्ज विभागात होतो, मला एवढं नक्की कळतं की 73 कोटी देणारा माणूस ते वसूल करतो. कोणाच्या खिशातून, ते तुम्हीच सांगा.

मालकांनी कधी कधी हात जरा जास्तच पुढे टाकला. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी योजना काढली: वर्षाला हजार डॉलर द्या, तुम्हाला इतरांच्या आधी नाव नोंदवायला मिळेल. स्पर्धक असे भडकले की दिवसभरात माफी मागून योजना मागे घ्यावी लागली. हवाईच्या मुख्य शर्यतीसाठी पैसे घेऊन सोडत काढायचे, तर 2015 ला अमेरिकी सरकारने ती बेकायदा लॉटरी ठरवली आणि कंपनीला 27 लाख 61 हजार 910 डॉलर सरकारजमा करावे लागले. शेवटच्या दहा डॉलरपर्यंतचा आकडा वाचून मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्यासारखाच बसला असणार.

तरीही एक हिशेब मांडल्यावर मी स्वतःच चकित झालो. 2010 च्या सुमारास अमेरिकेत पूर्ण अंतराच्या शर्यतीची फी साडेपाचशे डॉलरच्या आसपास होती. पुढे ती आठशे ते नऊशेच्या घरात गेली. म्हणजे दीडपट. पण त्याच काळात अमेरिकेतली महागाईही चाळीस टक्क्यांच्या वर गेली. तिथल्या माणसाला शर्यत महागली, पण आभाळ कोसळलं असं नाही. आता तेच रुपयांत करा. 2010 ला डॉलर पंचेचाळीस रुपयांना होता, म्हणजे फी पंचवीस हजार. पुढे डॉलर पंच्याऐंशीला गेला तेव्हाचं धरा आणि फी साडेआठशे, झाले बहात्तर हजार. तिथे दीडपट, इथे जवळजवळ तिप्पट! आपला मुलगा परदेशातली शर्यत करायची म्हणतो तेव्हा तो नुसती फी भरत नाही, रुपयाची घसरणही भरतो. वर विमान, व्हिसा, सायकलची पेटी, थंड पाण्याचा रबरी पोशाख वेगळा. गोव्याला तो पोशाख लागत नाही, आपला समुद्र उबदार आहे, हीच काय ती बचत.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतोय, त्याच्याकडे येतो. त्याचं नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही.

मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकवलं ते टाकीवरच्या एका चोवीस वर्षांच्या मुलाने. तो गावातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला. 1.9 किलोमीटर त्याला सत्तावीस मिनिटं लागतात, मला अठ्ठावन्न. टाकीवर आम्ही सहा-सात जण त्याच्याकडे शिकलो: दोन डॉक्टर, एक वकील, एक बिल्डर, मी. आम्ही सगळे गोव्याला गेलो. तो गेला नाही. पगार पंधरा हजार. फी आणि कर धरले तर त्याला एक महिना पुरला नसता.

आम्ही चौघांनी ठरवलं की आपण वर्गणी काढून त्याची फी भरू. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, फी तुम्ही भराल. सायकल? तीन दिवसांचा खाडा?’ मी म्हटलं, तेही बघू. मग जरा वेळाने म्हणाला, ‘आणि मी आजारी पडलो तर? ते पैसे परत देत नाहीत.’ हे खरं होतं. आमच्यातल्या एका डॉक्टरांना दुसऱ्या एका शर्यतीआधी पंधरा दिवस डेंग्यू झाला आणि सगळी फी बुडाली. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या वर्षीची भरली. या मुलाला खांदे उडवता आले नसते. दुसऱ्याच्या पैशावर पोहायचं ओझं घेऊन समुद्रात कोण उतरेल? मी विषय सोडला, आणि खरं सांगतो, मनातून जरा रागावलो. एवढं देतोय तरी घेत नाही! घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही त्याला विचारलं का, त्याला काय करायचंय ते? विचारलं नव्हतं.

विचारलं तेव्हा कळलं की त्याला कोल्हापूरची शर्यत करायची होती. राजाराम तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळणं. जगप्रसिद्ध नाव नाही. फी चार आकडी. ती त्याने स्वतः भरली, दोन हप्त्यांत मित्राकडून उसने घेऊन. त्याला हवी होती फक्त सायकल. माझी दिली. तो माझ्यापेक्षा उंचीने कमी, सीट खाली घेतली तरी पाय पुरत नव्हते; टाचेत चप्पलचे तुकडे लावल्यासारखं काहीतरी करून त्याने महिनाभर जांबोटी रस्त्यावर सराव केला. शर्यतीच्या दिवशी तो पाण्यातून बाहेर आला आणि मागे बराच वेळ कोणी दिसेना. सायकलवर चौदा जण पुढे गेले. त्यातल्या पाच-सहा सायकलींची किंमत मी काठावर उभा राहून मनात जोडत होतो, जुनी सवय. पळताना त्याने त्यातले नऊ परत मागे टाकले. पाच तास अडतीस मिनिटं. परतीच्या वाटेवर निपाणीला मिसळ खाल्ली आणि बिल त्याने दिलं. देऊ दिलं.

मोठ्या नावाच्या शर्यतीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी गेलो, पदक घरात काचेच्या कपाटात आहे, नातवंडं आली की दाखवतो. पण आपण दर अनंत चतुर्दशीनंतर वर्गणीचा हिशेब फलकावर लावतो, हाराचे किती, मांडवाचे किती. त्या फीचा फलक कुठे लागत नाही, एवढं भरताना ध्यानात असावं.

आता मुद्द्याचं. या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान आठ जणांकडे अशा सायकली आहेत ज्या एका शर्यतीनंतर भिंतीला टांगलेल्या आहेत. कोणाकडे ते मला ठाऊक आहे. नावं घेऊ का? नको. टाकीवर आणखी तीन पोरं आहेत, एक मुलगी आहे, ती त्या मुलापेक्षाही चांगली पोहते म्हणतात. त्यांना फी नको आहे. सायकल हवी आहे, दोन-तीन महिन्यांसाठी, आणि परत मिळेल. कार्यालयात एक वही ठेवली आहे. सायकलची मापं लिहा, म्हणजे कोणाला बसेल ते बघता येईल. पहिल्या पानावर माझी आहे. सीटचा बोल्ट जरा घट्ट आहे, पाना बरोबर देतो.