पंख जोडताना

विमान म्हटलं की ते कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात तयार झालेलं असणार, असं आपण धरूनच चालतो. पण अमेरिकेत हजारो माणसांनी नोकरी-धंदा सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी राबून, घराच्या गॅरेजमध्ये विमानं बांधली आहेत. त्या विमानांत बसून ती माणसं हिंडतातही. अशा हौशी मंडळींची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना १९५३ साली स्थापन झाली. विमानाच्या सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, विकत मिळतो. ओरेगॉन राज्यातले रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकात असे संच विकायला सुरुवात केली. त्यांच्या ‘आरव्ही’ मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत.

याबाबतीत तिथल्या कायद्याची एक अट आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून, स्वतःच्या हातांनी केलेलं असलं पाहिजे. मग कागदोपत्री त्या विमानाचा उत्पादक म्हणून बांधणाऱ्याचंच नाव लागतं. मान मोठा खरा, पण जबाबदारीही तेवढीच मोठी. ती सर्वांत जास्त कुठे जाणवते, तर विमानाला पंख जोडताना. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

‘आरव्ही-७’ हे दोघांनी बसायचं विमान घेऊ. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत २५ फूट. माणसं, इंधन, सामान धरून वजनाची मर्यादा १८०० पौंड, म्हणजे सुमारे ८१६ किलो. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा पंख धडाच्या आधारानं असतात. हवेत गेलं की उलटं होतं. सगळं धड पंखांना लटकतं. उंची न सोडता ६० अंशांत कलून वळण घेतलं, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो. कसरती करायच्या तर वजन १६०० पौंडांच्या आत ठेवावं लागतं आणि तेव्हा सहापट भार धरलेला असतो. म्हणजे जवळजवळ ४३५० किलो! हा सारा भार पंखांतून धडात जातो तो मोजक्याच बोल्टांमधून.

पंखाच्या आत आडवी, भक्कम तुळई असते. तिला स्पार म्हणतात. तिचं टोक धडातल्या दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये सरकवायचं आणि आरपार बोल्ट घालायचे. ही मुख्य भोकं कारखान्यातूनच अचूक पाडून येतात. बोल्ट त्यांत इतके घट्ट बसतात, की बांधणारी मंडळी ते आधी फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीनं धातू केसभर आकसतो आणि बोल्ट आत जाणं सोपं होतं. सरावासाठी आणि मोजमापासाठी पंख अनेकदा बसवावा-काढावा लागतो, तेव्हा मात्र साधे, थोडे सैल बोल्ट वापरतात.

खरी परीक्षा आहे ती मागच्या, लहान स्पारची. तिथलं भोक बांधणाऱ्यानं स्वतः पाडायचं असतं. पंख धडाशी कोणत्या कोनात बसणार, हे त्या एका भोकानं कायमचं ठरतं. एका बाजूचा पंख जरासा अधिक तिरका बसला, तर विमान आयुष्यभर एका अंगाला कलू पाहणार आणि वैमानिक ते सावरत बसणार.

त्यासाठी साधनं कोणती? आपल्या गवंड्याचीच! ओळंबा, पाणसळ आणि दोरी. आधी धड दोन्ही दिशांनी पाणसळीत आणायचं. पंखांच्या पुढच्या कडेवरून ओळंबे सोडायचे आणि ते सगळे एका रेषेत येतात का ते पाहायचं. दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीजवळच्या एकाच खुणेपर्यंतची अंतरं समान भरली पाहिजेत. मग ठरावीक जाडीचा ठोकळा आणि पाणसळ ठेवून कोन जुळवायचा. एवढं सगळं जमलं, तरी एक गोष्ट उरते. बोल्ट सुमारे ८ मिलिमीटरचा. तर भोकाचा मध्य पट्टीच्या कडेपासून निदान दुप्पट, म्हणजे १६ मिलिमीटर आत हवा. कडेशी धातू कमी उरला, तर भार आल्यावर तो फाटू शकतो.

ओरेगॉनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मित्राचं विमान या टप्प्यावर आलं, तेव्हा मी त्याच्या हाताखाली मदतीला होतो. मित्र मूळचा सांगलीचा. गॅरेजमध्ये आम्ही तिघं होतो. कोन जुळला, शिसपेन्सिलीनं खूण झाली. उजवीकडे अंतर मोजलं, तर ते मर्यादेच्या अगदी काठावर. पुन्हा मोजलं, तेच. ड्रिल हातात होतं, शेजारी जमले होते, कॅमेरा तयार होता. मित्रानं ड्रिलची वायर काढली आणि म्हणाला, “आज नाही रे. चहा घेऊ.”

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या संघटनेच्या एका तांत्रिक सल्लागाराला बोलावलं. हे सल्लागार विनामोबदला घरी येऊन काम पाहतात. आलेले गृहस्थ पंखाकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी आधी पाणसळ धडावर ठेवली. धड ज्या लाकडी घोड्यांवर उभं होतं, त्यातल्या एकाखालची फळी रात्रीतून नव्हे, आधीच दबली होती. धड किंचित कललं होतं आणि आमची सगळी मापं त्या कललेल्या धडावरून घेतलेली होती. फळी बदलली, सगळं पहिल्यापासून मोजलं. उजवीकडचं अंतर व्यवस्थित भरलं. भोक पडलं ते तिसऱ्या दिवशी, दोन मिनिटांत.

त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे, की घरी विमान बांधण्यात धाडसापेक्षा थांबण्याला जास्त किंमत आहे. आणि जे आपण स्वतः घडवलं, त्यातली खोट आपल्याला सहसा दिसत नाही. ती पाहायला परका डोळा लागतो.

एवढं करून पंख पुन्हा काढावे लागतात, ही गंमत पाहा. २५ फुटांचं विमान गॅरेजच्या दारातून कसं निघणार? धड आणि पंख वेगवेगळे विमानतळावर न्यायचे आणि तिथे अखेरचे जोडायचे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, रचनाही त्यांचीच होती. २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली. गच्ची असो वा गॅरेज, विमान बांधणाऱ्याला दाराचं माप आधी घ्यावं लागतं!

शेवटच्या जोडणीत प्रत्येक नट मोजक्या जोरानंच आवळतात, कमी नाही आणि जास्तही नाही. आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढतात. नट फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. त्यानंतर सरकारी तपासणी. मग चाचणीचे साधारण २५ ते ४० तास, प्रवासी न घेता. तो काळ संपला, की शेजारच्या आसनावर पत्नी, मुलगा किंवा मित्र येऊन बसतो. त्याला स्पार ठाऊक नसतो, ते १६ मिलिमीटरही ठाऊक नसतात. तो फक्त बांधणाऱ्यावर विश्वास टाकून पट्टा लावतो. गॅरेजमधल्या त्या संध्याकाळी ड्रिल खाली ठेवायचं असतं, ते त्याच्यासाठी.