साक्षीदाराला दोष देण्यापूर्वी



न्यायालयात साक्षीदाराने एक सांगितले आणि लेखनिकाने भलतेच उतरून घेतले, तर शिक्षा कोणाला व्हावी? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत तो वारंवार उपस्थित होतो आणि पुष्कळदा शिक्षा निरपराध साक्षीदारालाच होते. हा साक्षीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर होय.

१९७६ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने कॅलिफोर्नियासाठी बांधलेल्या मोटारींत हा सेन्सर आणला. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, असे वजनी प्रमाण राहिले तरच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करतो. ते प्रमाण राहिले की नाही, हे धुराच्या नळीत बसलेला सेन्सर सांगतो. त्यातील झिर्कोनियाची टोपी एका अंगाने धुराला व दुसऱ्या अंगाने बाहेरच्या हवेला लागून असते. दोहोंकडील प्राणवायूत फरक जितका अधिक, तितका विद्युद्दाब अधिक. पेट्रोल जास्त होऊन धुरात प्राणवायू उरला नाही, तर सुमारे ०.९ व्होल्ट, प्राणवायू उरला, तर सुमारे ०.१ व्होल्ट. मात्र सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून या साक्षीदाराला वाचा फुटत नाही. म्हणून पुढे त्याच्या पोटात लहानसा हीटर बसवू लागले.

ही क्षीण साक्ष इंजिनाच्या संगणकापर्यंत पोहोचविते ती एक बारीक तार. १९८०च्या दशकातील व्होल्व्हो ७४० टर्बोसारख्या गाडीत तिचे हाल फार होतात. टर्बोचार्जरचे कवच मोठ्या भाराखाली लालबुंद होऊ शकते. त्यातून त्या दशकाच्या पूर्वार्धातील व्होल्व्हो गाड्यांत इंजिनाच्या तारांचे वेष्टन ठिसूळ होऊन गळते, हा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा परिचयाचा अनुभव आहे. अशी उघडी तार धातूला टेकली की साक्ष शून्यावर येते. संगणक समजतो, पेट्रोल कमी पडले. आणि आपल्या मर्यादेपर्यंत ते वाढवीत जातो. परिणाम काय? काळा धूर, इंधनाचा अपव्यय आणि अतिउष्णतेने निकामी होणारा महागडा कन्व्हर्टर. मालक नवा सेन्सर बसवितो. दोष जागच्या जागी राहतो!

तेव्हा क्रमाने तपासावे. प्रथम, इंजिन थंड असता तार सर्वत्र डोळ्यांनी पाहावी; धुराच्या नळीस कोठे भेग नाही ना, हेही पाहावे, कारण भेगेतून शिरलेली हवासुद्धा खोटी साक्ष देवविते. नंतर कपलर सोडवावा. सामान्यतः दोन पांढऱ्या तारा हीटरच्या असतात. त्यांच्यामधील रोध काही ओहमच असावा. मीटर काहीच दाखवीत नसेल, तर हीटर जळाला. कपलरच्या गाडीकडील बाजूस, इंजिन चालू असता, बॅटरीइतका विद्युद्दाब यावा. न आल्यास फ्यूज व तार पाहावी.

आता साक्षीची काळी तार. इंजिन चांगले तापवून, कपलर सोडलेलाच ठेवून, डिजिटल व्होल्टमीटरने सेन्सरकडील दाब मोजावा. ॲक्सिलरेटर झटक्याने दाबता तो ०.८ व्होल्टच्या वर जात असेल आणि हवेची लहान नळी क्षणभर काढता खाली उतरत असेल, तर साक्षीदार प्रामाणिक आहे. मग इंजिन बंद करून संगणकाचाही कपलर काढावा व मधली तार ओहममीटरने तपासावी. टोकापासून टोकापर्यंत रोध जवळजवळ शून्य हवा. तार आणि गाडीचा सांगाडा यांच्यात मात्र संबंध मुळीच नको. या तारेभोवती धातूच्या जाळीचे कवच असते. आतले वेष्टन विरघळून तार त्या जाळीस टेकली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. ओहममीटर सेन्सरच्या काळ्या तारेस मात्र कधीही लावू नये.

दुरुस्तीतही एक पथ्य आहे. पुष्कळ सेन्सर बाहेरची हवा आपल्याच तारांच्या आतून घेतात. तेथे डाग दिला तर तो श्वास कोंडतो. म्हणून सेन्सरच्या तारा डाग न देता, दाबून बसविणाऱ्या जोडांनीच जोडाव्यात, उष्णता सोसणारी नळी त्यांवर चढवावी आणि टर्बोपासून त्या दूर बांधाव्यात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. सहा नियमांनंतर आपल्याकडील पुष्कळ स्कूटरांतही हा सेन्सर आला आहे. तेव्हा ही गोष्ट आता परदेशची राहिली नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा आम्ही लहानपणी पाठ केली. वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी माझा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला का, हे पाहावयास मी पुढे, बऱ्याच चुका करून, शिकलो. यंत्राच्या बाबतीतही न्याय तोच आहे: साक्षीदार बदलण्यापूर्वी त्याचा शब्द ज्या वाटेने येतो, ती वाट तपासावी.