टाके निघाल्यानंतरचे दिवस



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय असे विषय शोभतात. नरसीच्या नामदेवांच्या या मुलखात तर ते अधिकच शोभतात. मी मात्र आज बोलणार आहे ते म्हाताऱ्या माणसांच्या ऑपरेशनानंतरच्या दिवसांविषयी. विषय घरगुती आहे. पण गेल्या पाच-सात वर्षांत कुणाचा मोतीबिंदू काढला नाही, कुणाच्या खुब्यात सळई बसवली नाही, असे घर या सभेत क्वचितच निघेल.

ऑपरेशन करवून घेणे आता पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक होते. त्याच महिन्यात सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचा आधार मिळाला. रक्कम वर्षाला पाच लाख. नवराबायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती दोघांत मिळून, हे ध्यानात असू द्या. त्या योजनेतले दुसरे एक कलम मला अधिक बोलके वाटते. दवाखान्यातून घरी सोडल्यावर फार तर पंधरा दिवसांच्या औषधपाण्याची सोय तीत धरलेली आहे. सरकारचा हात तिथवर पोचतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत थेंब घालावे लागतात चार ते सहा आठवडे, आणि मोडलेला खुबा तर कित्येक महिने घेतो. हे मधले दिवस कोणाचे?

आखाडा बाळापूरच्या बाजूचे एखादे जोडपे डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा पुण्याला कारखान्यात, धाकटा ऊसतोडीला गेलेला, लेक वसमतेकडे दिलेली. घरात दोघेच. आपण सहज म्हणतो, "दोघे एकमेकांना आहेत की!" याच वाक्यावर माझा आक्षेप आहे. बाबांचे ऑपरेशन झाले की माय त्यांच्या उशाशी बसते, थेंब घालते, भाकरी कुस्करून देते. पण मायचे झाले तर? बाबांनी जन्मात चूल पेटवलेली नसते. मग तिसऱ्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली ती बाई, वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, डोळ्यांत धूर जाऊ द्यायचा नाही, हे सारे ऐकून आलेली, चुलीपुढे बसून फुंकर घालते. तिला कुणी उठवलेले नसते, हे खरे. तिला कुणी निजवलेलेही नसते.

लातूर जिल्ह्यातले नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने आपणां सर्वांना ठाऊक आहेत. मोतीबिंदूची लाखाहून अधिक ऑपरेशने त्यांच्या हातून झाली. हे हात शाबूत राहिले, कारण १९९५ साली त्यांच्या आईने त्यांना आपले मूत्रपिंड दिले. दान आपण वाखाणतो आणि वाखाणलेच पाहिजे. परंतु अशा वेळी घरात रोगी एक नसतो, दोन असतात, हे विसरू नये. देशातल्या जिवंत मूत्रपिंडदात्यांत स्त्रियाच जास्त आहेत. ज्याला अवयव मिळाला त्याच्याभोवती घर गोळा होते. जिने दिला ती घरी येऊन भांड्यांना लागते.

ऑपरेशन आणि बरे होणे यांत केवढे अंतर असते त्याचा एक दाखला देतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे आंत्रपुच्छ काढले. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ही रात्र सर्वांच्या लक्षात राहिली. पुढे ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली, मार्चमध्ये त्यांना जुहूला समुद्रकाठी नेले आणि तो उन्हाळा त्यांनी तिथे विश्रांतीत काढला. वय चोपन्न, भोवती जिवाला जीव देणारी माणसे, तरी इतके दिवस लागले. आपण मात्र पंचाहत्तरीच्या माणसाला पंधराव्या दिवशी विचारतो, "काय, झालात ना खडखडीत?"

आता जवळच्या माणसांनी करायचे काय? भेटायला जीप भरून जाणे ही आपली रीत. प्रेमाची आहे, नाही म्हणत नाही; पण चहा कोण करतो ते पाहावे. जो भेटायला जातो त्याने डबा न्यावा, आणि तो नुसत्या पेजेचा नसावा. जखम भरायला डाळ, दूध, खात असतील तर अंडी लागतात. डॉक्टरांनी सांगितलेले नसताना पथ्याच्या नावाखाली म्हाताऱ्याला उपाशी ठेवू नये. आपला मुलूख हळदीचा. दुधात चिमूटभर घाला हवी तर. टाक्यांवर मात्र भरू नका. हाडाचे ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उभे करू पाहतात. तेव्हा "राहू द्या हो, दुखतंय त्यांना" असे म्हणणारा नातेवाईक रोग्याचा हितचिंतक नव्हे. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठते.

आणखी एक सांगतो, कारण घरची माणसे त्याला फार भितात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शहाणीसुरती म्हातारी एकदम असंबद्ध बोलू लागते, मेलेल्या भावाला हाका मारते. भुताखेताचा प्रकार नव्हे हा. उतारवयात ऑपरेशनानंतर अशी भ्रमावस्था येते, आणि बहुधा काही दिवसांत ओसरते. डॉक्टरांना लगेच सांगावे. आणि तिचा चष्मा, तिची कवळी, कानातले यंत्र तिला परत द्यावे. ओळखीचा चेहरा समोर असला, ओळखीचा आवाज कानी पडला, की माणूस लवकर ठिकाणावर येतो. यासाठी कुठले कार्ड लागत नाही. पुण्याच्या मुलाची आठ दिवसांची रजा मात्र लागते.

म्हणून माझी सूचना अशी की, ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी घरात एक बैठक व्हावी. लेकीला बोलवावे, शेजारच्या काकूंनाही बोलवावे. पाणी कोण भरणार, रात्रीचे थेंब कोण घालणार, तपासणीला नांदेडला जावे लागले तर सोबत कोण, हे नावानिशी ठरावे. बाबांनी निदान भात लावायला शिकावे. धाकटा तोडीहून परतल्यावरची तारीख मिळत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तीच घ्यावी. आणि दारातल्या शेळीचेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे. नाही तर तिच्या पाल्यासाठी माय दुसऱ्या दिवशीच विळा घेऊन बांधावर जाईल.